ऋण आधी सोडायचं

ऋण आधी सोडायचं, मग धन.
जोडताना उलट: धन आधी, ऋण शेवटी.
बापाने एवढंच नीट शिकवलं आम्हा दोघा भावांना,
तेही दहाचा पाना हातात देऊन, चुकलं की बोटांवर टिचकी.

शेड तळ्याकाठी. बाहेर उणे एकतीस.
कुलपावर आधी तोंडाची वाफ सोडायची, मग किल्ली.
आत साब, अडुसष्ट सालची, फिकट हिरवी,
अंगावर लष्करी ब्लँकेट.
वर्षाला नव्वद किलोमीटर, फार तर शंभर,
जूनमध्ये रात्र मावळतच नाही त्या आठवड्यात.
चालवतो एन्सियो.
हिवाळा माझा.
असं काही ठरलं नव्हतं. बोलणंच नाही, तर ठरणार कसं?
बापाचं जंगल विकलं तेव्हापासूनचा अबोला.
कुणाच्या वाट्याला किती आले, आता कुणाला आठवतंय.
मला आठवतं.

सहा बुचं फिरवून काढतो.
टॉर्च मारून बघतो, प्लेटा पाण्याखाली आहेत ना.
सिगारेट बाहेरच विझवलेली. चार्ज होताना ती जो वायू सोडते
त्याला ठिणगीचं निमित्त पुरतं.
(आम्हाला कॉफीतल्या साखरेचं पुरलं होतं.)
नळीत अ‍ॅसिड ओढलं की आतला काचेचा तरंगता आकडा दाखवतो:
बाराशे ऐंशी म्हणजे पोट भरलेलं.
गोठते ती उपाशी.
भरलेली उणे साठातही तग धरते,
रिकामीचं मात्र होतं पाणी, पाण्याचा बर्फ,
आणि मग पेटी उभी चिरते, लुक्कारिनेनची चिरली तशी.

नुसती पडून असली तरी स्वतःला खात बसते.
वर डॅशबोर्डातलं घड्याळ, तेही थेंबथेंब पितं.
म्हणून मी ऑक्टोबरात ऋण सोडतो. घड्याळ थांबतं.
जूनमध्ये तो जोडतो. घड्याळ
मधलं काहीच घडलं नाही अशा थाटात पुढे चालू.

खिळ्याला वही, दोरीला पेन्सिल. शाई इथे गोठते.
अकरा वर्षांचे आकडे:
१२.६८. १२.७१. १२.५९, लावली चार्जिंगला.
माझे पानभर, त्याची जूनमधली एक ओळ.
त्याच्या सातच्या पोटात आडवी रेघ, बापासारखी.

टर्मिनलवरची पांढरी बुरशी:
खायचा सोडा, गरम पाणी, जुना दातांचा ब्रश.
फसफस निवली की पुसून व्हॅसलीन.
चार अँपियर, जास्त नाही. घाई केली की तापते, पाणी उडवते.
रात्रभर बसायचं. दार फटभर उघडं, पाय गारठलेले,
आणि आत बारीक बुडबुडे,
कुणीतरी पलीकडच्या खोलीत कुजबुजावं तसे.

यंदा त्याच्या ओळीखाली अक्षरं होती.
'उर्पो, तिसरं घर पाणी फार पितंय.'
मी दोनदा मोजलं. खरं होतं.
पाच घरं ठणठणीत, तिसऱ्यात अकराशे साठ.
सहांची रांग ती, एक बसलं की पेटी बसली.
मी लिहिलं: 'नवी लागेल. अर्धे माझे.'
'अर्धे' खोडलं. मग त्याच्यावरच पुन्हा लिहिलं, जाड.
वाचणार कोण, जून लांब होता.

फेब्रुवारीत शेडपर्यंत बर्फात पावलं, माझी नव्हेत.
आत नवी बॅटरी, लाकडी फळीवर ठेवलेली.
काँक्रीट बॅटरी शोषून घेतं, हे बापाचं वेड.
रबरी पेट्यांच्या काळातली गोष्ट, हल्ली काही होत नाही त्याने,
यावरूनही एकदा भांडलो होतो.
बिल वहीत, बरोबर मधोमध दुमडलेलं.
बारा पूर्णांक चौऱ्याहत्तर. मी लिहिलं.
उचलून गाडीत बसवली. धन जोडलं, घट्ट.
फळी तिथेच राहू दिली.
ऋण मोकळं ठेवलंय.
ते जोडायला तो येतो.